नवी गाडी ऑईल खाते, आणि वर सांगतात ‘नॉर्मल’ आहे



या पानावर एरवी कापसाच्या भावाचे, पीक विम्याचे, वीजबिलाचे लिहिले जाते. या अंकात गाडीच्या ऑईलवर लिहितो आहे. विषय बदलला असे कुणाला वाटेल, तर तसे नाही. कोरडवाहू गावांत पिकअप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पऱ्हाटी आणि ज्वारीवर घर चालत नाही म्हणून पोरगा कर्ज काढून गाडी घेतो. हंगामात गावचा कापूस जिनिंगला नेतो, उन्हाळ्यात कडबा वाहतो, मधल्या काळात सिमेंट, भाजीपाला, लग्नाचे सामान. बैठकीच्या मांडवाबाहेर चार पिकअप उभ्या असतात आणि त्यांच्याभोवतीची चर्चा पुष्कळदा मांडवातल्या चर्चेपेक्षा मन लावून चालते. त्या चर्चेत एक तक्रार मी वारंवार ऐकतो आहे. गाडी नवी, वर्षही झालेले नाही, आणि ऑईल खाते. शोरूमच्या वर्कशॉपला नेली की साहेब पट्टी काढून बघतात, एक लिटर ओततात आणि सांगतात, “नवे इंजिन आहे भाऊ, रिंगा बसू द्या. एवढे नॉर्मल असते.”

पोरगा परत येतो. किस्त चालू राहते, ऑईल ओतणे चालू राहते, आणि वॉरंटीचे दिवसही चालूच राहतात.

या ‘नॉर्मल’ शब्दाबद्दल बोलायचे आहे. आपण कापूस घेऊन जातो तेव्हा ओलावा किती हे घेणारा ठरवतो. सीसीआयच्या केंद्रावर निदान नियम लिहिलेला आहे: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे घेणार नाही. खेडा खरेदीवाला मात्र गंजीत हात घालतो आणि म्हणतो, “ओला आहे.” तिथे आपण विकणारे, म्हणून घेणाऱ्याचे चालते. मग गाडी घेताना आपण घेणारे झालो, तेव्हा तरी आपले चालावे? तर नाही. तिथे विकणारा ठरवतो. दोन्हीकडे आपण हरतो, कारण दोन्हीकडे मापाचे हत्यार दुसऱ्याच्या हातात असते. कापसाचे माप आपल्या हाती घेणे अवघड आहे. ऑईलचे माप मात्र आजच्या आज घेता येते, त्याला एक लिटरचे खुणा असलेले भांडे आणि शंभर पानी वही पुरते.

आधी इंजिनाचे थोडे समजून घेऊ, म्हणजे कुणी काही सांगितले तरी आपण गडबडणार नाही. पिस्टनला रिंगा असतात. वरच्या रिंगा वायूचा दाब धरतात आणि खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑईल खरवडून परत चेंबरमध्ये पाठवते. भिंतीवर अगदी पातळ थर राहतो, तो राहायलाच हवा, नाहीतर धातूवर धातू घासेल. त्या थरातले थोडे ऑईल डिझेलबरोबर जळते. म्हणून “गाडी ऑईल अजिबात खात नाही” असे कुणी म्हटले तर तेही खरे नाही. नव्या इंजिनात भिंतीवर बारीक आडवे-तिरपे ओरखडे मुद्दाम ठेवलेले असतात आणि पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये रिंगा त्या भिंतीशी जुळून बसतात. तोवर ऑईल थोडे जास्त जाते. म्हणजे शोरूमचा साहेब पूर्ण खोटे बोलत नाही. तो अर्धे सांगतो. उरलेले अर्धे असे, की रिंगा बसत असतील तर ऑईलचा खप दर हजार किलोमीटरला कमी होत गेला पाहिजे. तो तेवढाच राहिला किंवा वाढला, तर रिंगा बसत नाहीत, त्यांचे दुसरेच काही चालले आहे. आणि खप कमी होतो आहे की नाही हे मोजल्याशिवाय ना साहेबाला कळते, ना आपल्याला.

किती खप जास्त म्हणायचा? काही कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत चालते असे छापलेले असते. आपल्या हिशेबात बसवून बघा. पिकअप लिटरला १४ किलोमीटर देते असे धरा. हजार किलोमीटरला ७१ लिटर डिझेल लागले. त्यात एक लिटर ऑईल गेले, म्हणजे डिझेलच्या जवळजवळ दीड टक्का. धडधाकट आधुनिक डिझेल इंजिनात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असते. दुसरा हिशेब असा. दोन सर्व्हिसिंगमध्ये १० हजार किलोमीटर धरले तर त्या काळात दहा लिटर ऑईल वरून ओतावे लागेल. या गाड्यांच्या चेंबरमध्ये सगळे मिळून सहा-सात लिटर मावते. म्हणजे एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्यापर्यंत भरलेल्या चेंबरच्या दीडपट ऑईल धुरातून निघून जाणार, आणि हे नॉर्मल! लिटरला चारशे रुपये धरा आणि वर्षाला ३० हजार किलोमीटर धरा. बारा हजार रुपये झाले. कोरडवाहू कापसात एकरी बारा हजार निव्वळ किती जणांच्या हाती राहतात, हे ज्याचे त्याने मनात बघावे.

ही तक्रार फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा या पिकअप गाड्या, २०११ ते २०१४ च्या मॉडेलच्या, ५.३ लिटरचे आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. मालकांचे म्हणणे होते की रिंगा सदोष आहेत आणि गाड्या बेसुमार ऑईल खातात. कंपनीचा स्वतःचा मापदंड दोन हजार मैलांना एक क्वार्ट, म्हणजे हजार किलोमीटरला ३०० मिलीच्या आसपास, एवढा खप चालेल असा होता. २०१६ साली मालकांनी एकत्र येऊन कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात दावा लावला. कंपनीने दोष मान्य केला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला: एकूण १० कोटी २६ लाख डॉलर, एका गाडीमागे २,७०० डॉलर. सहा वर्षे लागली, हे विसरू नका. पण त्या दाव्यात एकट्या माणसाची एक गाडी नव्हती, एकाच इंजिनाच्या हजारो गाड्या होत्या. एकाची गाडी ऑईल खाते तेव्हा म्हणता येते, “तुम्ही नीट चालवत नाही.” हजारोंची खाते तेव्हा तसे म्हणता येत नाही.

आता आपल्या बाजूचे बोलतो, आणि हे काहींना आवडणार नाही. भांडायला जायचे तर आपला धुरा आधी साफ हवा. माझे शिक्षण शेतकीचे, मातीचा कण किती बारीक असतो ते कॉलेजात चाळण्या हलवून मोजलेले आहे. काळ्या जमिनीच्या पांधणीतून मार्च-एप्रिलमध्ये गाडी गेली की जो फुफाटा उडतो, त्यात चिकणमातीच्या कणांबरोबर रेतीचे बारीक कणही असतात आणि ते लोखंडाला घासतात. त्यात कापसाची फुई मिसळली की एअर फिल्टरवर गोधडीच तयार होते. मग मिस्त्री काय करतो? हवेचा पाईप लावून फिल्टर फुंकतो. कागदी फिल्टर असा जोराने फुंकला की कागदाला डोळ्याला न दिसणारी भोके पडतात, आणि त्या दिवसापासून धूळ सरळ रिंगांवर जाते. फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीची क्लिप ढिली असली तरी तेच होते. नळीच्या आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर इंजिनात धूळ जाते आहे. मग हजार-पंधराशेचा फिल्टर वाचवायला गेलो आणि हाफ इंजिनचे काम काढून बसलो, असे होते. शिवाय कंपनीला आयते कारण मिळते.

दुसरे, भरणा. दीड टनाच्या गाडीत पहिल्याच आठवड्यात अडीच टन कापूस दाबून घाटातून नेला की रिंगा बसण्याऐवजी भिंत खरडते. उलट जिनिंगच्या रांगेत रात्रभर इंजिन चालू ठेवून पंखा आणि गाणी, तेही वाईट. बिनभाराच्या इंजिनात रिंगांना दाब मिळत नाही, भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि रिंगा मग बसतच नाहीत. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर मध्यम भार आणि कमीजास्त वेग, एवढे पाळले तरी पुष्कळ आहे.

तिसरे, ऑईल कमी होते म्हणून मिस्त्री सांगतो, “जाड ऑईल टाका, थांबेल.” टाकू नका. काही दिवस थांबल्यासारखे वाटते, पण पुस्तिकेतल्या ग्रेडचे ऑईल नाही म्हटल्यावर वॉरंटी बुडते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. या नियमाखालच्या डिझेल गाड्यांत बहुधा धुराच्या नळीत काजळी धरणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. त्यांना कमी राखेचे ऑईल लागते. काजळी त्या फिल्टरमध्ये जळून जाते. ऑईलची राख जळत नाही, ती साचत राहते. म्हणजे ऑईल खाणारे इंजिन नुसते ऑईल खात नाही, पुढचा महागडा डीपीएफही खात असते. आणि हा फिल्टर काजळी अडवतो म्हणून निळा धूर दिसेलच असे नाही. “धूर नाही, मग इंजिन ठीक” हे जुन्या गाड्यांचे शास्त्र झाले.

इथेच एक चकवा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. डीपीएफमधली काजळी जाळायला गाडी अधूनमधून जास्तीचे डिझेल सोडते. गाव ते बाजार आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्या असल्या, तर ही जळण्याची क्रिया अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्धवट राहते. त्यातले काही डिझेल रिंगांवरून झिरपून ऑईलमध्ये उतरते. एकीकडे ऑईल जळते, दुसरीकडे डिझेल मिसळते, आणि पट्टीवरची पातळी जागच्या जागी! माणूस समाधानी, आणि चेंबरमध्ये पाणचट झालेले ऑईल. पट्टी नाकाला लावा, डिझेलचा वास येतो का बघा. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल तर गाडी तशी चालवू नका, लगेच दाखवा. हे ऑईल खाण्यापेक्षाही घातक आहे.

आता मोजण्याचे. पर्जन्यमापक अंगणात कुठेही ठेवला तर पाऊस खरा कळत नाही, तसेच हे. पट्टी रोज कुठेही, कशीही बघून उपयोग नाही. एक सपाट जागा ठरवा, शक्यतो सिमेंटचा ओटा किंवा मंदिरासमोरची फरशी. सकाळी गाडी चालू करण्याआधी, नेहमी त्याच जागी, त्याच तोंडाने उभी करून मोजा. पुस्तिकेत इंजिन गरम करून मग अमुक मिनिटे थांबा असे असेल तर तसे करा, पण दरवेळी तसेच करा. पट्टी पुसा, पूर्ण आत घाला, काढा, दोन्ही बाजू बघा. ऑईल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरा. मीटरचा आकडा लिहा. मोबाईलवर मीटरचा आणि पट्टीचा फोटो काढा, त्यात तारीख येते. हजार किलोमीटर झाले की त्याच जागी उभी करून, मापाच्या भांड्याने, पुन्हा त्याच खुणेपर्यंत किती मिलीलिटर लागले ते लिहा. तोच तुमचा खप. मधल्या काळात दर दोन-तीनशे किलोमीटरला पट्टी बघत राहा, ती खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका, आणि ओतले तर मापून ओता. असे तीन वेळा केले की तीन आकडे हातात आले. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग असेल तर ती गळती, तिचा इलाज वेगळा आणि स्वस्त. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबत असेल तर वॉल्वच्या सीलवर संशय घ्या. भाराखाली सतत येत असेल तर रिंगा किंवा टर्बो. पण हे ठरवणे आपले काम नाही, वर्कशॉपचे आहे.

वर्कशॉपला गेल्यावर एकच गोष्ट करायची आणि तीच बहुतेकांकडून राहते. तक्रार जॉब कार्डावर लिहून घ्यायची. “इंजिन ऑईलचा खप जास्त, इतक्या किलोमीटरला इतके मिली” अशा शब्दांत. साहेब म्हणतात, “लिहायची गरज नाही, मी बघतो ना.” ते बघतील, पण त्यांची बदली होईल, शोरूम दुसऱ्याला जाईल, आणि तुमच्या हाती त्यांचे “बघतो” हेच उरेल. जॉब कार्डाची प्रत घ्या, ऑईल ओतले असेल तर वॉरंटीतले का होईना, बिलावर त्याची नोंद घ्या. मग ऑईल खपाची चाचणी मागा. वर्कशॉपवाले ऑईल भरून झाकणाला आणि खालच्या नटाला सील किंवा खूण करतात आणि ठराविक किलोमीटरनंतर परत बोलावून मोजतात. ही वाहन धंद्यातली रुळलेली पद्धत आहे, तुम्ही काही जगावेगळे मागत नाही. सोबत रिंगांची तब्येत कळण्यासाठी कॉम्प्रेशन तपासायला सांगा. बाहेरच्या गॅरेजात इंजिन मात्र खोलू नका. ते खोलले की वॉरंटी गेली आणि पुरावाही गेला.

तीन आकडे आणि दोन जॉब कार्डे हातात असूनही काही होत नसेल, तर डीलर आणि कंपनी दोघांना पोस्टाने पत्र, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, २० जुलै २०२० पासून लागू झाला. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. वकील सक्तीचा नाही. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. “रिंगा बसू द्या” ऐकत दोन वर्षे घालवू नका.

कंपनीचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल की पिकअप ही धंद्याची गाडी, पिवळ्या पाटीची, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू नाही, हे खरे आहे. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत येत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातले हेच स्पष्टीकरण उलगडून सांगितले. त्या प्रकरणात तक्रार करणारी संस्था स्वतः हरली. पण न्यायालयाने उदाहरणे दिली त्यात स्वतः चालवण्यासाठी ऑटोरिक्षा किंवा ट्रक घेणारा ग्राहकच धरला आहे, आणि मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असे होत नाही, हेही सांगितले आहे. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा: गाडी मी स्वतः चालवतो, घर यावर चालते, दुसरी गाडी नाही. ज्यांच्या चार गाड्या पगारी ड्रायव्हरवर चालतात त्यांना ही वाट अवघड आहे. त्यांनी वॉरंटीच्या करारावर आणि पत्रव्यवहारावर जास्त भर द्यावा.

आणखी एक दार आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले. पर्यावरणाला, चालकाला किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय करणारा दोष एखाद्या मॉडेलमध्ये असेल आणि ठरलेल्या प्रमाणात मालकांनी तो कळवला, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला सांगू शकते. एकट्या पत्राने हे होत नाही, एकाच मॉडेलच्या मालकांची यादी लागते. ती यादी कोणता डीलर करून देणार नाही, ती आपल्यालाच करावी लागेल.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांची गाडी तीन वर्षांच्या आतली आहे आणि ऑईल खाते, त्यांनी येताना चार गोष्टी आणाव्यात: मोजणीची वही, जॉब कार्डांच्या झेरॉक्स, वॉरंटीची पुस्तिका आणि गाडी घेतल्याचे बिल. मोजणी सुरू केली नसेल तर आजपासून करा, बैठकीपर्यंत एक आकडा तरी हाती येईल. तालुकाप्रमुखांनी मॉडेल, इंजिन, खरेदीचा महिना, मीटर आणि हजार किलोमीटरचा खप अशा पाच रकान्यांचा कागद करून ठेवावा. नुसते “लई ऑईल खाते” असे लिहिलेले नाव त्या कागदावर घेऊ नये, आकडा असेल तरच घ्यावे. जेवणानंतर, कापसाचा ठराव झाला की, त्याच मांडवात बसून पत्रांचे मसुदे करू. एअर फिल्टरची नळी तपासायला दोन फिटर भाऊ येणार आहेत, गाड्या सावलीत लावा.